फुली

धाकट्या भावाने न सांगता आत्याची पिशवी उचलली, तेव्हाच तिने ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

अकरा वर्षांत या माणसाने बहिणीला साधं कोपऱ्यावर चहा प्यायला नेलं नव्हतं. आणि आता एकदम दोन दिवस डोंगरावर. गाडीत खिडकीजवळची जागा, पाठीला उशी, आणि दर अर्ध्या तासाने "ताई, पाय अवघडले का गं?" आत्याचे पाय चौतीस वर्षं डेअरीच्या फलाटावर उभे राहिले होते, ते गाडीत बसून काय अवघडणार? पण ती घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली आणि मनात म्हणाली, लाव बाबा लोणी, बघू कुठवर लावतोस.

आत्या म्हणजे खरं तर एकट्या भाचीची आत्या. पण भाची बोलायला लागल्यापासून शेजारीपाजारी, दूधवाले, अगदी डेअरीतले साहेबसुद्धा तिला आत्याच म्हणायला लागले होते. तिने लग्न केलं नाही. स्वतःच्या पगारातून तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, दाराला स्वतःच्या नावाची पाटी लावली, आणि ती पाटी दर रविवारी ओल्या फडक्याने पुसत आली. त्या दोन खोल्यांत कधी उठायचं, कधी जेवायचं, रेडिओ किती मोठा लावायचा, हे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. यात काय सुख असतं ते भावाला कधी कळलं नाही, कारण तो जन्मात एक दिवस एकटा राहिलेला नव्हता.

तिची नोकरी नाकाची होती. सकाळी गावोगावचे दुधाचे कॅन फलाटावर यायचे. तपासायला यंत्रं होती, काचेच्या नळ्या होत्या, पण त्यांना वेळ लागायचा, आणि दीडशे कॅन रांगेत उभे असताना वेळ कुणाकडे असतो? तेव्हा आत्या पुढे व्हायची. कॅनचं झाकण उचलायची, उलटं करायची आणि झाकणाला नाक लावायची. दुधाला नाही, झाकणाला. वास वर चढतो आणि झाकणाखाली जाऊन बसतो, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. एक श्वास आणि निकाल. चांगलं असेल तर कॅन आत. आंबूस, धुरकट, गोठ्याचा किंवा गंजाचा वास असेल तर लाल खडूने झाकणावर फुली, आणि फुली मारलेला कॅन आल्या गाडीने परत. लोक गयावया करायचे, डोळे वटारायचे. एकाने तर तिच्या सायकलची हवा सोडली होती. एकदा खुद्द डेअरीच्या अध्यक्षांच्या घरचा कॅन आंबलेला निघाला. आत्याने त्यावरही फुली मारली, आणि आपली नोकरी आहे की गेली हे न विचारता दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली. एकदा मारलेली फुली तिने चौतीस वर्षांत पुसली नाही.

आणि हेच नाक गेल्या हिवाळ्यात तिला सोडून गेलं. आठ दिवस ताप आला, आणि जाताना तो वास घेऊन गेला. त्यातच एका दुपारी शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं राहिलं. आत्या तिथेच, हाताच्या अंतरावर, पेपर वाचत बसली होती. घरभर गॅस पसरला तरी तिला पत्ता नाही. समोरच्या बाईंना जिन्यात वास आला म्हणून त्यांनी धाडधाड दार वाजवलं. झालं काही नाही, पण त्या बाईंनी भावाला फोन केला, आणि तेव्हापासून भावाच्या घरात एकच घोकणं सुरू झालं: ताईला आता एकटं ठेवायचं नाही.

सगळ्यांत जास्त लाज आत्यालाच वाटली होती. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती, आणि नाकाखाली गॅस येऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी स्वतःची परीक्षा घ्यायला लागली. चहा, कॉफी, साबण, लवंग आणि बुटाचं पॉलिश असे पाच डबे. डोळे मिटून त्यांच्या जागा बदलायच्या, एकेक झाकण उघडायचं, नाकाला लावायचं. पहिले दोन महिने पाचात शून्य. मग एक दिवस पॉलिश आलं. मग लवंग. हल्ली कधी चार यायचे, कधी दोनच. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कारण तिला स्वतःलाच भरवसा नव्हता. डब्यात काय आहे हे माहीत असलेलं नाक खरं बोलतंय की आठवणीने बोलतंय, कुणी सांगावं?

मुरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी वर आलं. हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर भावाने तिच्या ब्रेडला स्वतःच्या हाताने जॅम लावला आणि म्हणाला, "ताई, तू आता आमच्याकडेच ये राहायला. मागची खोली रिकामी केलीय."

मागची खोली आत्याला चांगली माहीत होती. कपडे धुण्याचं यंत्र तिथे होतं, आणि खिडकी उघडली की समोर जिन्याची भिंत.

"आणि माझ्या खोल्या?"

"त्या काढून टाकू ना. बंद ठेवून काय करायच्या? मी कागद तयार करून आणलाय. तुला धावपळ नको, सगळं माझ्या नावे करता येईल असा. तू फक्त सही कर."

"विचार करते," आत्या म्हणाली.

"यात विचार कसला, वन्सं?" भावजय म्हणाली. लग्नाला तीस वर्षं झाली तरी ती नणंदेला वन्संच म्हणायची, आणि ते प्रेमाने की धाकाने हे तिचं तिलाच ठाऊक. "उद्या काही बरंवाईट झालं तर लोक आम्हालाच नावं ठेवतील."

भाचीने मध्येच घड्याळ दाखवलं. अकराची तिकिटं काढली होती तिने. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर बिअर बनवणारा एक छोटा कारखाना होता, आणि तिथे सगळं फिरून दाखवत. सहलीची सगळी आखणी भाचीची होती, पण कागदाचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

कारखाना म्हणजे लाकडं साठवायचं एक जुनं कोठार. आत पाऊल टाकलं आणि आत्या थबकली. ओली फरशी. भिंतीवर गुंडाळून टांगलेले रबरी पाइप. उंच, चकचकीत स्टीलच्या टाक्या, त्यांच्यावर तापमान दाखवणारे काटे. दारापाशी गमबुटांच्या जोड्या. कोपऱ्यातून वाफ येत होती आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"अगं, ही तर डेअरीच," ती भाचीला म्हणाली. नोकरी सुटून सात वर्षं झाली होती, आणि या सात वर्षांत पहिल्यांदा तिची पाठ आपोआप ताठ झाली.

मालक, कारागीर आणि माहिती सांगणारा असा तिथे एकच माणूस होता. आधी तो शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याची जुनी सवयही गेली नव्हती. समोरच्या दहा-बारा पाहुण्यांना त्याने रांगेत उभं केलं, मोबाइल खिशात ठेवायला लावले आणि मग धडा सुरू केला. आधी मोड आणून वाळवलेलं धान्य मुठीमुठीने वाटलं. मग कडवटपणासाठी घालायची हिरवी फुलं चुरगळून दाखवली. आत्याने ती हुंगली. काहीतरी आलं, पण काय ते सांगता येईना. पाचात दोनवाला दिवस दिसतोय, ती मनात म्हणाली.

मग मास्तरने एका बरणीत फसफसणारा राखाडी लगदा दाखवला. "हे यीस्ट. म्हणजे समजा आमचं विरजण. सगळी करामत याची."

"विरजण घालण्यात आमच्या वन्संचा हात कुणी धरणार नाही," भावजय म्हणाली. "सकाळीच घातलंय, चांगलं पातेलंभर."

पाहुणे हसले. त्यांना काय माहीत, कशावर हसतोय ते. भावही हसला, आणि त्याला मात्र माहीत होतं. आत्याने ते बरोबर टिपून ठेवलं.

शेवटी मास्तर तिसऱ्या टाकीपाशी आला. टाकीला खाली एक बोटभर नळ होता, त्यातून त्याने प्रत्येकाला छोट्या ग्लासात घोटघोटभर बिअर दिली. "ही आमची या हंगामातली सगळ्यात चांगली. परवा बाटल्यांत भरणार. चाखा आणि सांगा."

लोकांनी चाखली. कुणी डोळे मिटले, कुणी वा म्हणालं, भावाने दोन्ही भुवया उंचावून जाणकारासारखी मान हलवली. आत्याने आयुष्यात बिअरला तोंड लावलं नव्हतं, आणि आता लावायचा विचारही नव्हता. पण ग्लास हातात आला आणि हाताने आपलं जुनं काम सुरू केलं. झाकण नव्हतं, म्हणून तिने डाव्या तळहाताचं झाकण केलं. उजव्या मुठीत ग्लास धरून थोडा उबदार केला. मग तळहात उचलला, उलटा केला आणि नाकाला लावला.

आणि आला. वास आला.

धूसर नाही, अंदाजाने नाही. सरळ, स्वच्छ, ताज्या लोण्याचा वास. डेअरीच्या लोणी विभागात, नवं लोणी निघालं की दाराबाहेरसुद्धा यायचा, तो. डब्यात लोणी ठेवलेलं नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं, आठवणीला इथे काही कामच नव्हतं. हे नाक स्वतःहून बोललं होतं. आत्याला इतका आनंद झाला की तिने पुन्हा एकदा तळहात झाकला, पुन्हा हुंगला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते पुसलंही नाही.

"मास्तर, पास," ती मोठ्याने म्हणाली. "पहिल्या नंबराने पास. काय सुंदर लोण्याचा वास आहे."

हशा पिकला.

"ताई, ही बिअर आहे," भाऊ म्हणाला. मग पाहुण्यांकडे वळून समजावणीच्या सुरात, "तिचं नाक गेलंय हो, हिवाळ्यापासून. घरात गॅस सुटला तरी कळलं नाही."

दहा-बारा परक्या माणसांसमोर. आत्याचे कान तापले. भावजय भाचीच्या कानाशी लागून म्हणाली, "बघितलंस ना? बिअरमध्ये लोणी." पण कानगोष्ट अशी की शेवटच्या पाहुण्याला ऐकू जावी.

मास्तर हसला नव्हता. त्याने आत्याच्या हातातला ग्लास घेतला, हुंगला, पुन्हा हुंगला. मग नळाखालून स्वतःसाठी थोडी घेतली आणि तीही हुंगली. "काकू, नक्की लोणी?"

"चौतीस वर्षं डेअरीत काढलीत मी. लोणी मला तुम्ही शिकवू नका."

"तसं नाही. मला काहीच येत नाहीये, म्हणून विचारतोय." तो डोकं खाजवत म्हणाला. "तुमच्याकडे लोण्याचा वास म्हणजे पास. आमच्याकडे तो नापास. बिअरमध्ये लोणी आलं की मालाला दोष आला. हे विरजण अर्ध्या वाटेवर तो वास तयार करतं आणि पुढे वेळ दिला तर आपणच खाऊन टाकतं. घाई केली की वास मागे राहतो. आणि तसाच माल बाटलीत गेला तर आठवड्याभरात बाटलीन् बाटली लोण्याने घमघमते."

"मग तुम्हाला कसा येत नाही?" एका पाहुण्याने विचारलं.

मास्तरचा चेहरा पडला. "काहींच्या नाकाला हा वास कमी लागतो. मी त्यांतला. वास घ्यायला माझा भागीदार होता, तो उन्हाळ्यात सोडून गेला. तेव्हापासून मी आपला काटे बघून आणि देवावर हवाला ठेवून चालवतोय." त्याने दोन ग्लास भरले, एकाचं तोंड कागदाने घट्ट बांधलं. "याची परीक्षा आहे. हा गरम पाण्यात ठेवायचा, मग थंड करायचा आणि न तापवलेल्याशी ताडून बघायचा. दोष असेल तर तापवल्यावर लपत नाही. वीस मिनिटं लागतील. तुम्ही वर बसा."

वर लांब टेबलं होती आणि खिडकीतून दरी दिसत होती. चौघं एका टेबलाशी बसली. भावाने दरीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने बॅगेतून प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद काढला, टेबलावर ठेवला, त्याच्यावर पेन ठेवलं.

"तोवर हे उरकून घेऊ, ताई."

"बाबा, इथे?" भाची म्हणाली.

"मग कुठे? घरी गेलं की ही आपल्या खोल्यांत शिरते आणि फोन उचलत नाही. ताई, आता तूच बघितलंस. चारचौघांत हसं झालं. मला काय बरं वाटलं का ते? अगं, तू रात्री झोपलेली असताना गॅस सुटला तर काय करायचं?"

त्याचा आवाज खरा होता, हेही सांगायला हवं. भाऊ वाईट नव्हता. लहानपणी तापात तो तिच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपायचा, आणि आता तिच्या काळजीने त्याची झोप उडत होती, यात खोटं काही नव्हतं. पण आपली झोप नीट लागावी म्हणून बहिणीचं घर काढून घ्यायचं, एवढंच त्याला सुचलं होतं.

आत्या कागदाकडे बघत राहिली. कान अजून तापलेले होते. आणि मनात तीच जुनी शंका: नाकाने फसवलं असेल तर? लोण्याच्या आठवणीनेच लोणी आणलं असेल तर?

"वीस मिनिटं थांब," ती म्हणाली. "त्या ग्लासात लोणी नाही निघालं, तर मी सही करते. आणि निघालं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

भावाने बायकोकडे बघितलं. बायकोने डोळ्यांनीच हो म्हटलं. बिअरमध्ये लोणी निघणार नाही, हे दोघांना दगडावरच्या रेघेइतकं पक्कं वाटत होतं.

"कबूल," भाऊ म्हणाला.

वाट बघताना भाचीने टेबलाखालून आत्याचा हात धरला. आत्याला आपली दाराची पाटी दिसत होती, आणि मागच्या खोलीतलं ते यंत्र, आणि त्याच्याशेजारी मावेल एवढी खाट. सही केली की आपण मरेपर्यंत पाहुणे, हे तिला लख्ख कळत होतं. चुकीचं बोलून बसलो, असंही वाटत होतं. पण शब्द गेला होता.

मास्तर जिना चढून वर आला तेव्हा त्याच्या हातात दोन ग्लास होते. त्याने दोन्ही ग्लास भाचीसमोर ठेवले. "हा आधी. आता हा."

भाचीने पहिला हुंगला. दुसऱ्याचा कागद काढला, नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. "आई गं. पॉपकॉर्न. लोण्यातलं पॉपकॉर्न."

ग्लास भावजयीकडे गेला. तिने हुंगलं, नाक मुरडलं आणि आपली अर्धी प्यालेली बिअर हळूच बाजूला सरकवली. भावाने सगळ्यात शेवटी हुंगलं आणि ग्लास खाली ठेवून दरीकडे बघायला लागला. आता त्याला दरी दिसली.

"काकू," मास्तर खुर्ची ओढून बसला, "अख्खी टाकी गेली असती. परवा मी बाटल्या भरणार होतो. आता चार दिवस उबेला ठेवतो, विरजण आपला पसारा आपणच आवरेल. वाचला माल." मग त्याच्यातला मास्तर जागा झाला. "पण तुम्ही पास म्हणालात, ते मात्र चूक."

"तुमच्या वहीत चूक. माझ्या वहीत नाही," आत्या म्हणाली. "वास तोच ना?"

"तोच," मास्तर म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. तो खाली टाकीचं बघायला गेला.

आत्याने श्वास सोडला. झालं, असं तिला वाटलं. कागद घडी होऊन बॅगेत जाईल, आणि आपण खिडकीतून थोडा वेळ डोंगर बघू. ती वाट बघत राहिली. कागद टेबलावरच होता.

"नाक आलं, चांगलं झालं," भाऊ म्हणाला. "आनंदच आहे. पण ताई, आज नाक आहे, उद्या गुडघा जाईल. तिसरा मजला आहे तुझा, लिफ्ट नाही. परवा डोळे जातील. मुद्दा नाकाचा नाहीच मुळी. मुद्दा वयाचा आहे."

"बाबा, तुम्ही कबूल म्हणालात," भाची म्हणाली.

"कबूल काय, पोरखेळ आहे का हा? बिअरच्या ग्लासावर कुणी घराचा निर्णय घेतं का?"

"नाही घेत," आत्या म्हणाली.

ती इतक्या शांतपणे म्हणाली की भावाला वाटलं, जमलं. त्याने पेन तिच्याकडे सरकवलं.

"तू बरोबर बोललास, धाकट्या. चूक माझीच झाली. माझ्या घराची पैज मी बिअरवर लावायलाच नको होती. लोणी नसतं निघालं, तरी ते घर माझंच होतं. सहा महिने मी रोज सकाळी डबे हुंगतेय. वाटायचं, पाचात पाच आले की तुम्ही माझा नाद सोडाल. आणि आता पाचात पाच आले, तर तू गुडघे काढलेस. उद्या गुडघ्यांत पास झाले तर डोळे काढशील. मी जन्मभर लोकांचं दूध तपासलं. मला तपासायला तुला कुणी बसवलं?"

"वन्सं, आम्ही काळजीपोटी..."

"काळजी आहे ना? मग हे सांगा. गॅसचं झालं त्याच्या आठव्या दिवशी मी यंत्र आणून भिंतीवर बसवलं. गॅस सुटला की बोंबलतं, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. शेगडीच्या वर, पांढरा डबा, लाल दिवा. सहा महिने झाले. तुमच्यापैकी कुणी पाहिलंय?"

कुणी पाहिलं नव्हतं. सहा महिन्यांत फोन भरपूर झाले होते, तिसरा मजला कुणी चढलेलं नव्हतं. भाची मान खाली घालून बसली, कारण तीही त्यातच होती.

भावाचा चेहरा लाल झाला. पण माणूस एकदा घोड्यावर बसला की उतरायला जड जातं. "ताई, ते असू दे. आता आलोय तर सही करून टाक. नंतर बोलू सगळं. मी तुझं वाईट करीन का?"

"कुठे करायची सही?"

"शेवटच्या पानावर. खाली. पेन्सिलने फुली मारलीय बघ, तिथे."

आत्याने पेन उचललं. भावजयीने सुटकेचा श्वास टाकला. भाची काही बोलणार होती, पण आत्याने तिला नजरेनेच थांबवलं. तिने पानं उलटली, शेवटचं पान वर घेतलं, चष्मा नाकावर चढवला. खाली, कोपऱ्यात, नखाएवढी फुली होती. ती तिच्याकडे बघत राहिली, आणि तिचे ओठ हलले. हसू होतं ते.

मग तिने तो कागद उलटा केला, झाकणासारखा, आणि सगळ्यांदेखत नाकाला लावला. एक श्वास घेतला. कागद पुन्हा टेबलावर ठेवला आणि पेनाने वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. मग वरच्या उजव्या कोपऱ्यापासून दुसरी. पेन जोरात दाबलं होतं, कागद मधोमध थोडा फाटला.

"तूच फुली मारून आणलास," ती म्हणाली. "बारीक मारलीस म्हणून मी मोठी केली. फुली मारलेला कॅन मी चौतीस वर्षांत आत सोडला नाही, धाकट्या. अध्यक्षांचा सोडला नाही. तुझा काय सोडणार?"

 भावाने कागदाकडे बघितलं, मग बहिणीकडे. लहानपणी चोरून साय खाताना पकडला गेला की तो असाच बघायचा. मग त्याने हात पुढे केला आणि पेनाचं टोपण लावून ते खिशात ठेवलं. कागद तसाच राहू दिला.

भावजयीला मात्र राहवेना. "एवढी दोन दिवसांची सहल काढली, वन्सं. शेवटी घातलंतच ना विरजण?"

"घातलंय," आत्या उठत म्हणाली. "आता कुणी हलवू नका. नीट लागू द्या."

तिने आपली पिशवी स्वतः खांद्याला अडकवली आणि जिन्याकडे निघाली. खाली मास्तर तिसऱ्या टाकीचं तापमान वाढवत होता, आणि शेजारच्या चौथ्या टाकीच्या झाकणाला अजून कुणी नाक लावलेलं नव्हतं.